हिंगोलीत १४ हजार महिलांमध्ये 'कॅन्सरची लक्षणं', पण कॅन्सर किती जणींना? आणि वेगवेगळ्या कॅन्सरवर उपचार होतात तरी कसे?

जुलै २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्याचा एक आकडा राज्यभरातल्या बातम्यांत आला. १४,५४२ महिलांमध्ये कॅन्सरसदृश लक्षणं आढळली, असा तो आकडा होता. फक्त हेडलाइन वाचून पुढे सरकलं तर कुणालाही वाटेल, एका छोट्याशा जिल्ह्यात साडेचौदा हजार बायकांना कॅन्सर झालाय.

त्याच माहितीत आणखी एक आकडा होता. पुढच्या तपासणीत प्रत्यक्ष कॅन्सरचं निदान झालेल्या महिला होत्या १२.

१४,५४२ आणि १२. या दोन आकड्यांमध्ये नेमकं काय घडतं? निदान झालेल्या १२ जणींवर एकच उपचार होतो का? आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हे उपचार मिळवायचे कसे? एकेक करून पाहूया.

हा आकडा आला कुठून?

हिंगोली जिल्ह्यात ८ मार्च २०२५ला, म्हणजे महिला दिनी, 'संजीवनी' अभियान सुरू झालं. महिलांमधला कॅन्सर लवकर ओळखता यावा, हा त्यामागचा हेतू. त्यात महिलांकडून एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधानसभेत दिलेल्या लेखी उत्तरानुसार, २ लाख ९२ हजार ९९६ महिलांनी या प्रश्नांची उत्तरं दिली. त्यातल्या १४,५४२ जणींच्या उत्तरांवरून 'पुढे तपासायला हवं' असं दिसलं. म्हणजे शंभरातल्या साधारण पाच जणी.

त्यानंतरच्या वैद्यकीय तपासणीत तिघींना गर्भाशयमुखाचा, एकीला स्तनाचा आणि आठ जणींना तोंडाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. हे आकडे उत्तर दिलं त्या वेळेपर्यंतचे आहेत.

लक्षण असणं म्हणजे कॅन्सर असणं का?

नाही. प्रश्नावली ही चाळणी असते. तिची छिद्रं मुद्दाम बारीक ठेवलेली असतात, कारण एकही खरी रुग्ण निसटू नये. त्यामुळे कॅन्सर नसलेल्या अनेक जणीही त्यात अडकतात.

अंगावरून पांढरं जाणं, पाळीच्या अधेमधे रक्त जाणं, स्तनात गाठ लागणं, तोंडात बरा न होणारा फोड, तोंड पूर्ण न उघडणं, ही लक्षणं कॅन्सरची असू शकतात. पण पांढरं जाण्यामागे बहुतेक वेळा साधा संसर्ग असतो. तरुण मुलींच्या स्तनातल्या बऱ्याचशा गाठी कॅन्सरच्या नसतात. तोंडातला फोड टोकदार दातामुळेही होतो.

म्हणून प्रश्नावलीनंतर तीन पायऱ्या असतात.

पहिली पायरी, प्रत्यक्ष तपासणी. गर्भाशयमुखावर पातळ केलेलं ॲसिटिक ॲसिड (स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच) लावून मिनिटभर थांबतात. तिथे पांढरा चट्टा उमटला तर पुढे तपासतात. काही ठिकाणी एचपीव्ही विषाणूची चाचणी करतात. स्तनाची तपासणी डॉक्टर हाताने करतात, गरज वाटली तर सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी सांगतात. तोंडाच्या तपासणीला तर बॅटरी आणि अनुभवी नजर पुरते.

दुसरी पायरी, बायोप्सी. संशयित जागेचा छोटा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात. कॅन्सर आहे की नाही आणि असेल तर कोणत्या प्रकारचा, हे इथे ठरतं. 'तुकडा काढला की कॅन्सर अंगभर पसरतो' ही गावोगावी ऐकू येणारी भीती खरी नाही. बायोप्सीशिवाय उपचार सुरू करणं हाच मोठा धोका आहे.

तिसरी पायरी, स्टेज ठरवणं. सीटी स्कॅन, एमआरआय किंवा पेट स्कॅन करून आजार कुठवर गेलाय ते पाहतात. ढोबळमानाने, पहिल्या स्टेजमध्ये तो जिथे सुरू झाला तिथेच आणि लहान असतो. दुसऱ्या-तिसऱ्यात तो वाढलेला असतो किंवा जवळच्या गाठींपर्यंत पोचलेला असतो. चौथ्यात बहुतेकदा तो दूरच्या अवयवांत गेलेला असतो.

निदानाआधीच घाबरलं तर काय होतं?

याचं उदाहरण मराठवाड्यातच आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या महिलांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याचं २०१९ मध्ये समोर आलं. राज्य सरकारने आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली असल्याचं दिसलं. पांढरं जाणं, पोटात दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल' अशी भीती घातली गेल्याचं अनेक महिलांनी सांगितलं होतं.

यात दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. कॅन्सर नसेल तर तरुण वयात विनाकारण मोठं ऑपरेशन होतं. आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर खरोखर असेल, तर तपासणीविना साधी पिशवी काढल्याने तो पूर्ण निघत नाही. उलट पुढचा योग्य उपचार जास्त अवघड होऊन बसतो.

म्हणून 'संशयित' यादीत नाव आलेल्या महिलेने पुढची तपासणी करून घ्यायची आहे. ऑपरेशनची घाई करायची नाही, आणि घाबरून घरीही बसायचं नाही.

कॅन्सरवर उपचाराचे मार्ग किती?

शरीरातल्या पेशी ठरलेल्या वेळी वाढतात, जुन्या होतात, मरतात. एखाद्या पेशीतल्या जनुकांत बिघाड झाला की ती थांबायचं विसरते आणि वाढतच जाते. हा बिघाड कोणत्या अवयवात आणि कशा प्रकारचा आहे, त्यावर आजाराचा स्वभाव ठरतो. म्हणूनच डॉक्टर सांगतात की कॅन्सर हे शंभराहून जास्त आजारांचं एकच आडनाव आहे.

उपचारांचे मुख्य मार्ग मात्र मोजकेच आहेत.

ऑपरेशन: गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढून टाकणं. आजार एका जागी असेल तर याचा सर्वात जास्त उपयोग.

रेडिएशन, म्हणजे किरणोपचार: जास्त ऊर्जेच्या किरणांनी त्या जागेतल्या कॅन्सरच्या पेशी मारणं. रोज काही मिनिटांचं काम, पण आठवड्यातून पाच दिवस आणि अनेक आठवडे.

किमोथेरपी: वेगाने वाढणाऱ्या पेशी मारणारी औषधं, बहुतेकदा सलाइनमधून. ती रक्तातून सगळ्या शरीरात जातात. केस गळणं, उलट्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होणं हे त्यामुळेच होतं. केस पुन्हा येतात आणि उलट्यांवर आता चांगली औषधं आहेत.

हार्मोन थेरपी आणि टार्गेटेड थेरपी: ठराविक कॅन्सरच्या पेशींची ठराविक कमजोरी हेरून तिच्यावर काम करणारी औषधं. बायोप्सीच्या तुकड्यावर खास चाचणी केल्याशिवाय त्यातली बरीचशी देता येत नाहीत.

इम्युनोथेरपी: शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सर ओळखायला मदत करणारे उपचार. काही कॅन्सरमध्ये त्यांचा मोठा फायदा होतो, पण खर्च अजूनही खूप आहे.

यातलं काय, कोणत्या क्रमाने आणि किती द्यायचं, इथे प्रत्येक कॅन्सरची वाट वेगळी होते. हिंगोलीत सापडलेल्या तीन प्रकारांवरूनच ते समजून घेता येईल.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर: ऑपरेशन नेहमीच चांगलं असतं का?

गर्भाशयाचं तोंड म्हणजे गर्भाशयमुख. इथला जवळपास प्रत्येक कॅन्सर एचपीव्ही या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हा संसर्ग अतिशय सामान्य आहे आणि बहुतेक जणींमध्ये आपोआप जातो. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यात कॅन्सर व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागू शकतात. म्हणजे पकडायला एवढा वेळ हाताशी असतो.

कॅन्सर होण्याआधीच्या टप्प्यात बिघडलेल्या पेशी सापडल्या, तर त्या जागेला उष्णता देऊन किंवा तेवढाच भाग कापून उपचार होतो. हे काम थोड्या वेळात होतं, बाई बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाते आणि गर्भाशय शाबूत राहतं.

पहिल्या स्टेजचा लहान कॅन्सर असेल तर गर्भाशय, गर्भाशयमुख आणि आजूबाजूचा भाग काढण्याचं मोठं ऑपरेशन करतात. ते कॅन्सरच्या ऑपरेशनचा अनुभव असलेल्या डॉक्टरांनीच करायचं असतं.

गाठ त्याहून वाढलेली असेल तर मुख्य उपचार रेडिएशनचा. साधारण पाच आठवडे बाहेरून रेडिएशन, त्यासोबत आठवड्याला एकदा सिस्प्लाटिन नावाच्या औषधाची किमो, आणि शेवटी ब्रेकीथेरपी, म्हणजे किरणांचा स्रोत योनीमार्गातून थेट गाठीजवळ नेऊन दिलेलं रेडिएशन. हे सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावं लागतं. मध्ये खंड पडला तर परिणाम कमी होतो.

अनेक कुटुंबांना वाटतं, 'ऑपरेशन करत नाहीत म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.' मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने नेमका हाच प्रश्न तपासला. ६३३ महिलांच्या या अभ्यासात एका गटाला आधी किमो आणि मग ऑपरेशन दिलं, दुसऱ्या गटाला रेडिएशन आणि किमो एकत्र. २०१८ मध्ये आलेल्या निकालानुसार, पाच वर्षांनी आजारमुक्त असणाऱ्यांचं प्रमाण ऑपरेशनच्या गटात ६९.३ टक्के होतं, तर रेडिएशन-किमोच्या गटात ७६.७ टक्के. म्हणजे या टप्प्यावर ऑपरेशन न करणं हाच अधिक चांगला उपचार ठरला.

स्तनाचा कॅन्सर: पूर्ण स्तन काढावाच लागतो का?

भारतात महिलांमध्ये सर्वाधिक आढळणारा हा कॅन्सर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये देशात सुमारे १ लाख ९२ हजार महिलांना तो झाला.

गाठ लहान असेल तर फक्त गाठ आणि आजूबाजूचा थोडा भाग काढून स्तन वाचवता येतो. मात्र त्यानंतर रेडिएशन घ्यावंच लागतं. अमेरिका आणि इटलीत रुग्णांवर वीस वर्षं लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत, असा उपचार घेतलेल्या महिला पूर्ण स्तन काढलेल्या महिलांइतक्याच जगल्याचं दिसलं. गाठ मोठी असेल तर आधी किमो देऊन ती लहान करतात आणि मग ऑपरेशनचा निर्णय घेतात.

इथे बायोप्सीच्या तुकड्यावर तीन गोष्टी तपासणं आवश्यक असतं: ईआर, पीआर आणि हर-टू. यावरून औषध ठरतं. ईआर किंवा पीआर पॉझिटिव्ह असेल तर गाठीला वाढायला शरीरातल्या हार्मोनची मदत मिळते. अशा महिलांना टॅमॉक्सिफेनसारखी रोजची एक गोळी किमान पाच वर्षं घ्यावी लागते. 'आता बरं वाटतंय' म्हणून ती मध्येच सोडणं धोक्याचं. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन उपयोगी पडतं. तिन्ही निगेटिव्ह असतील तर मुख्य भर किमोवर राहतो, काही रुग्णांना इम्युनोथेरपीही देतात.

एकाच वॉर्डात शेजारी झोपलेल्या दोघींना वेगळी औषधं मिळतात, त्याचं कारण हे असतं. 'तिला गोळी दिली, मला किमो का?' याचं उत्तर बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये असतं.

नवा उपचार म्हणजे महागडाच असतो, असंही नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १,६०० महिलांवर एक अभ्यास झाला. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं गेलं. जागा बधिर करायला वापरतात तेच हे स्वस्त औषध. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण हे इंजेक्शन दिलेल्या गटात ९०.१ टक्के, तर न दिलेल्या गटात ८६.४ टक्के होतं. हा निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

तोंडाचा कॅन्सर: बारापैकी आठ जणी इथल्याच

हिंगोलीच्या आकड्यांत सर्वात जास्त डोळ्यांत भरावी अशी गोष्ट हीच. महिलांचा कॅन्सर म्हटलं की स्तन आणि गर्भाशय आठवतं, पण निदान झालेल्या १२ पैकी आठ जणींना तो तोंडात होता. १२ ही संख्या लहान आहे, त्यावरून अख्ख्या जिल्ह्याचं प्रमाण काढता येणार नाही. पण प्रश्न नक्की विचारता येईल: किती घरांत आई, आजी, मावशी रोज मिश्री लावतात, तंबाखू चघळतात? आणि त्यांचं तोंड कुणी शेवटचं कधी तपासलं?

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण तंबाखू-चुना आणि मिश्रीची सवय अनेक घरांत अजून आहे. अभियान महिलांचं असलं, तरी ही तपासणी घरातल्या पुरुषांनाही तितकीच लागू आहे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत बरा न झालेला फोड, तिखट सहन न होणं, तोंड कमी उघडणं ही सुरुवातीची लक्षणं. काही चट्टे कॅन्सरच्या आधीचे असतात. त्या टप्प्यावर तंबाखू सोडणं आणि लक्ष ठेवणं किंवा चट्टा काढून टाकणं पुरतं.

कॅन्सर झालाच तर इथे पहिला उपचार बहुतेकदा ऑपरेशनचा. गाठीबरोबर मानेतल्या लसीका गाठीही काढतात. 'मानेत काही लागत नाही, मग मान का कापायची?' असा प्रश्न रुग्ण विचारतात. टाटा मेमोरियलने ५०० रुग्णांच्या अभ्यासातून २०१५ मध्ये त्याचं उत्तर दिलं. पहिल्याच ऑपरेशनमध्ये मानेतल्या गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी जिवंत होते. आजार मानेत दिसल्यावर गाठी काढलेल्यांमध्ये हे प्रमाण ६७.५ टक्के होतं.

जबडा काढावा लागला तर पायाच्या हाडाचा तुकडा लावून तो पुन्हा घडवता येतो. वाढलेल्या आजारात ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे रेडिएशन देतात, काहींना सोबत किमोही. त्याआधी खराब दातांवर उपचार करून घ्यावे लागतात, कारण नंतर दात काढल्यास जबड्याची जखम भरायला अडचण येऊ शकते. पुढे गिळण्याचे, बोलण्याचे आणि तोंड उघडण्याचे व्यायाम हाही उपचाराचाच भाग आहे.

बाकीच्या कॅन्सरचं काय?

रक्ताच्या कॅन्सरमध्ये कापून काढायला गाठच नसते, त्यामुळे मुख्य भर औषधांवर. लहान मुलांमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियात किमो साधारण दोन ते तीन वर्षं चालते आणि बरीच मुलं पूर्ण बरी होतात. सीएमएल या प्रकारात इमॅटिनिबची रोजची गोळी घेऊन रुग्ण वर्षानुवर्षं नेहमीचं आयुष्य जगतात. काही रुग्णांना बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागतो.

रक्ताच्या काही कॅन्सरसाठी आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून 'नेक्सकार-१९' ही देशी कार-टी सेल थेरपी तयार झाली. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून त्या परत शरीरात सोडतात. तिला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.

थायरॉइडच्या अनेक कॅन्सरमध्ये ऑपरेशननंतर किरणोत्सारी आयोडीन देतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये पुरुषी हार्मोन रोखणारी औषधं काम करतात. फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये जनुकांची चाचणी करून गोळी ठरवतात. त्यामुळे 'अमक्याला या औषधाने गुण आला' हे ऐकून तेच औषध मागण्यात अर्थ नसतो.

हळदीने कॅन्सर बरा होतो का?

हिंगोली आणि वसमतची ओळखच हळदीची. साहजिकच 'हळद खा, कॅन्सर पळवा' असे मेसेज इथेही पोचतात. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळांमध्ये बरंच संशोधन झालंय. काचेच्या बशीतल्या कॅन्सरच्या पेशींवर त्याचा परिणामही दिसतो. पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फारच कमी उतरतं आणि त्याने माणसाचा कॅन्सर बरा होतो, याचा पुरावा नाही.

भाजीतली हळद खायला काहीच हरकत नाही. पण किमो सुरू असताना हळदीच्या कॅप्सूल, काढे किंवा जडीबुटी घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, काही औषधं एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. आणि सर्वात मोठं नुकसान वेळेचं. सहा महिने काढा घेण्यात गेले, तर पहिल्या स्टेजची गाठ तिसऱ्या स्टेजला गेलेली असू शकते.

उपचार कुठे आणि खर्च किती?

तपासणीची सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्र, उपजिल्हा रुग्णालय किंवा हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयातून होऊ शकते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. पण कॅन्सरचं मोठं ऑपरेशन किंवा रेडिएशन म्हटलं की बऱ्याच रुग्णांना नांदेड, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय किंवा थेट मुंबईचं टाटा गाठावं लागतं. संभाजीनगर हिंगोलीपासून दोनशेहून जास्त किलोमीटर दूर, मुंबई साडेपाचशेहून जास्त.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना ही योजना लागू आहे आणि कॅन्सरची ऑपरेशन, किमो, रेडिएशन त्यात येतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्यांना भेटायचं. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे.

पण योजनेत न येणारा खर्चच अनेकदा उपचार थांबवतो. समजा, सेनगाव तालुक्यातली शेतमजुरी करणारी एक महिला आहे. तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे आणि सहा-सात आठवडे परगावी राहून रेडिएशन घ्यायचंय. सोबत एक माणूस लागणार, म्हणजे दोघांची मजुरी बुडणार. घरी लेकरं कुणाकडे ठेवायची? चार आठवड्यांनी रक्त जाणं थांबतं, बरं वाटू लागतं आणि ती गावी परतते. उपचार अर्धवट राहतो आणि आजार पुन्हा उसळतो.

म्हणून निदान झाल्यावर पहिल्याच आठवड्यात राहण्या-जाण्याचं ठरवणं औषधाइतकंच गरजेचं आहे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या व्यक्तीला उपचारासाठीच्या प्रवासात सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षांपासून टाटाच्या रुग्णांना आसरा देत आलीय. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, तिथे राहण्याची आणि मदतनिधीची माहिती मिळते.

डॉक्टरांना काय विचारायचं?

घाबरलेल्या अवस्थेत काही सुचत नाही, म्हणून हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

- बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये नेमका कोणता प्रकार आहे?
- स्टेज कोणती?
- उपचाराचा हेतू पूर्ण बरं करणं आहे, की आजार आटोक्यात ठेवून त्रास कमी करणं?
- एकूण किती आठवडे लागतील आणि त्यातले किती इथेच घेता येतील?
- हे सगळं योजनेत बसतं का?
- मध्ये खंड पडला तर काय होईल?

चौथ्या स्टेजला पोचलेल्यांसाठीही 'आता काही होऊ शकत नाही' हे उत्तर पुरेसं नाही. वेदना कमी करणारी औषधं, जखमांची काळजी, मानसिक आधार याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे.

मग एवढ्या तपासण्यांचा उपयोग होतो का?

'तीन लाख बायकांना प्रश्न विचारून सापडल्या १२, मग फायदा काय?' असंही कुणी म्हणेल. त्याचं उत्तर मराठवाड्यातल्याच उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांनी दिलंय. १९९९ पासून तिथे १ लाख ३१ हजारांहून अधिक महिलांवर एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल त्यात सहभागी होते. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही चाचणी करून गरजेप्रमाणे उपचार मिळालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. अशी तपासणी न झालेल्या, थोड्या लहान गटात ६४. म्हणजे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

ही किमया एकट्या चाचणीची नव्हती. ज्यांच्यात दोष आढळला, त्यांच्यावर उपचारही झाले. हिंगोलीतही १४,५४२ पैकी प्रत्येक जणीची पुढची तपासणी झाली का, आणि निदान झालेल्यांचा उपचार शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण झाला का, यावरच अभियानाचं यश ठरेल.

तुमच्या घरात कुणाला तपासणीला बोलावणं आलं असेल, तर सोबत जा. आणि तंबाखू किंवा मिश्री सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते.